तिचे खांदे रुंदच राहू द्या : पुण्यातल्या सुपरहिरो चाहत्यांना खुले पत्र

प्रिय मंडळी,

गेल्या रविवारी कर्वे रस्त्यावरच्या आपल्या नेहमीच्या कॅफेत जे झालं, त्याबद्दल हे पत्र आहे. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. मी गप्प बसले आणि ते गप्प बसणं आठवडाभर टोचत राहिलं. आज सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आपल्या टेबलावर जे बोललं गेलं तेच या गावातल्या आणि गावाबाहेरच्या कितीतरी टेबलांवर जवळजवळ त्याच शब्दांत बोललं जातं.

नव्या सुपरहिरो कार्टून मालिकेतल्या नायिकेचं पहिलं चित्र आदल्या रात्री जाहीर झालं होतं. धो धो पाऊस असूनही पंधरा-सोळा जण आले होते. मालिकेचं नाव मी इथे घेत नाही. त्याचं एक कारण पुढे येईलच. दुसरं कारण असं, की नाव घेतलं की सगळं भांडण त्या एका मालिकेचं होऊन बसतं, आणि मला बोलायचं आहे ते आपण चित्र कसं बघतो याबद्दल.

ते चित्र तुम्हाला आठवत असेलच. रुंद खांदे, आखूड मान, भरलेल्या पोटऱ्या, कानाशी कापलेले केस, सावळा रंग, आणि मोठे, चांगलेच मोठे हात. पाठीवर केप नाही. "ही हिरॉईन आहे की तालमीतला पैलवान?" इथून सुरुवात झाली. बजेट संपलं वाटतं, लहान पोरानं काढलंय, पार वाट लावली. मग एकाने फोन पुढे केला. त्याने तेच चित्र एआयकडून 'दुरुस्त' करून घेतलं होतं. खांदे अरुंद, कंबर मुठीत मावेल एवढी, केस कमरेपर्यंत, आणि रंग चांगला तीन-चार छटा उजळ. "हे बघा, एका मिनिटात झालं. या लोकांना पगार कशाचा देतात?" सगळे हसले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

आता ऐका. त्या वेळी आपल्या टेबलावर एक जण असा बसला होता, ज्याने या मालिकेवर काम केलं आहे. तो कोण, त्याने नेमकं काय काम केलं, कुठे बसून केलं, हे मी सांगणार नाही. असं काम करणाऱ्याकडून करार सही करून घेतलेला असतो आणि मालिका पडद्यावर येईपर्यंत त्याला त्याबद्दल चकार शब्द काढता येत नाही. घरच्यांपाशीसुद्धा नाही. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. त्या दिवशी तो आपल्या वाट्याचे पैसे ठेवून लवकर निघाला. खाली पार्किंगमध्ये हेल्मेट घालताना मला एवढंच म्हणाला, "ताई, एका मिनिटात झालं म्हणे."

तुमच्यापैकी कुणालाही त्याला दुखवायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. तो तिथे आहे हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण असं बोलताना समोर कुणीतरी असतोच, आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर देण्याची मुभा नसते. म्हणून त्याच्या वतीने, आणि त्याच्यासारख्या इतरांच्या वतीने, ज्या कामात मी चौदा वर्षं काढली त्याबद्दल थोडं सांगते.

"रेषा किती कमी आहेत, लहान मुलांच्या कार्टूनसारखं झालंय," ही तुमची तक्रार आधी घेते. मी पुण्यातल्याच एका स्टुडिओत नव्याने लागले तेव्हा मला एका नायकाचा पोशाख काढायला दिला होता. मी जीव ओतला. त्याच्या कमरपट्ट्याला नऊ कप्पे काढले. प्रत्येक कप्प्याला झाकण, प्रत्येक झाकणाला बटण. चित्र भिंतीवर लागलं, लोक येऊन बघून गेले. दोन आठवड्यांनी शेजारच्या खोलीतल्या एका बाईंनी मला बोलावून आपल्या लाइट टेबलाशी बसवलं. त्या इन-बिटवीन करायच्या, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायच्या. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स जातात. बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम्सना चालवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. माझा नायक एका दृश्यात १० सेकंद धावत होता. १२० चित्रं. "मोज," त्या म्हणाल्या. नऊ कप्प्यांप्रमाणे १०८० कप्पे, १०८० झाकणं, १०८० बटणं, आणि धावताना प्रत्येक कप्पा वेगळा हलायला हवा. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. मी दुसऱ्या दिवशी तीन कप्पे ठेवले, बटणं काढून टाकली. पडद्यावर आल्यावर कप्पे कमी झाल्याचं एकालाही जाणवलं नाही. नायक मात्र पहिल्यापेक्षा चांगला धावत होता.

आता बरंचसं काम संगणकावर रिग बांधून होतं, म्हणजे पात्राची सुट्या तुकड्यांची हलती बाहुली करून, पण बटणाचं गणित फारसं बदललेलं नाही. प्रत्येक तुकडा कुणीतरी बांधतो, आणि पात्र वळलं की तो तुकडा कुठे जाणार हेही कुणीतरी ठरवतो.

आणि ज्या मालिकेचं नाव तुम्ही कमी रेषांच्या विरोधात पुरावा म्हणून घेता, ती १९९२ ची बॅटमॅनची मालिका पुन्हा एकदा लावून बघा. ब्रूस टिम यांनी काढलेल्या त्या बॅटमॅनच्या अंगावर स्नायूंच्या रेषा जवळजवळ नाहीतच. चौकोनी हनुवटी, त्रिकोणी धड, काळा डाग पडावा तशी केप. पार्श्वभूमी तर काळ्या कागदावर रंगवायचे, म्हणजे अंधार रंगवावा लागायचा नाही, उजेड तेवढा काढायचा. आपल्या लहानपणी जे भारदस्त वाटलं ते याच काटकसरीतून आलेलं होतं. त्याच चमूने १९९७ मध्ये पात्रं आणखी साधी केली, तेव्हा जोकरचे लाल ओठ गेले आणि डोळे काळेभोर झाले. लोक नाराज झाले. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं, कारण जोकरचा चेहरा बोलतो तो ओठांनी आणि डोळ्यांनी. नंतरच्या कामांत तो पुन्हा जुन्या रूपाकडे सरकला. अशी टीका मला हवी आहे. ती चित्राकडे बघून केलेली होती.

आता ते 'दुरुस्त' चित्र. मी ते मागून घेतलं होतं. घरी येऊन मोठं केलं आणि हाताच्या सवयीने त्याचं टर्नअराउंड काढायला बसले. पात्र समोरून, पाऊण वळून, बाजूने आणि मागून काढायचं, आणि चारही ठिकाणी खांदे, कोपर, गुडघे एकाच पातळीवर यायला हवेत. समोरून ती छान दिसते, नाही म्हणत नाही. पाऊण वळवली की कंबर इतकी निमुळती होते, की वरचं धड खालच्या पायांवर उभं आहे असं वाटतच नाही. मागून नुसता केसांचा पडदा दिसतो. ती हात वर करते तेव्हा पाठ आणि खांदे त्या पडद्यामागे जातात, मग जोर कुठून आला ते बघणाऱ्याला कळायचं कसं? हात तर सिनेमातल्या नायिकेचे आहेत, अंगठी घालायला केलेले.

आणि गोष्ट काय आहे या मुलीची? जे जाहीर झालं आहे तेवढंच बोलते. ती पडणारं धरते. तुटलेली लिफ्ट, खचणारा पूल, छत. तिची सगळी ताकद धरण्यात आहे. आता मूळ चित्र पुन्हा बघा. नजर आधी कुठे जाते? हातांवर. ती तिथेच जावी म्हणून डोकं लहान ठेवलं आहे, मान आखूड ठेवली आहे, केस कापले आहेत. पोटऱ्या भरलेल्या आहेत, कारण वजन शेवटी जमिनीत उतरतं ते पायांतूनच. हमालाला बघितलंय ना तुम्ही कधी, मार्केट यार्डात, पोतं पाठीवर घेताना? त्याची मान दिसत नाही. हे चित्र काढणाऱ्याने असं कुणालातरी नीट बघितलेलं आहे.

मी दोन्ही चित्रं काळ्या रंगाने भरूनही बघितली. आमच्या धंद्यातली ही जुनी चाचणी आहे. आतलं सगळं मिटवायचं आणि नुसत्या आकारावरून पात्र ओळखू येतं का बघायचं. सिंबायोसिसमधला आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा संध्याकाळी उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघा. चष्मा दिसत नाही, कोटाच्या चौकटी दिसत नाहीत, तरी तोच आहे हे कळतं. मूळ नायिका काळी करूनही तीच राहते. दुरुस्त केलेली काळी केली, तर ती कुठल्याही मालिकेतली कुणीही असू शकते. त्या एका मिनिटात जे गेलं ते हे.

आपल्या काकांना वेगळं लिहायला हवं, कारण त्यांचा मुद्दा थट्टेचा नव्हता. ते म्हणाले, "रूप बदललं, रंग बदलला, मग आपलं म्हणून उरलं काय?" काका, तुमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आहेत, तुम्हीच मला वाचायला दिलेत. तुमचा लाडका वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम'. ली फॉक यांनी १९३६ मध्ये तो आणला, तेव्हा त्यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. रंगीत छापायची वेळ आली तेव्हा तो जांभळा होऊन गेला. स्वीडनमधल्या वाचकांना तो निळा माहीत आहे, इटलीतल्या वाचकांना लाल. कवटीची खूण, मुखवटा, गुहा आणि वंशपरंपरेची शपथ ही सगळीकडे तीच आहे. सुपरमॅनचंही तसंच. १९३८ साली कॉमिकमध्ये आला तेव्हा तो लांब लांब उड्या मारायचा. १९४१ मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्याची कार्टून्स काढायला घेतली, तेव्हा त्या उड्या हलत्या चित्रात बऱ्या दिसेनात, म्हणून त्याला सरळ उडवलं. आज उडणारा सुपरमॅन हाच 'खरा' वाटतो. चित्र हलतं करायची वेळ आली की पात्र थोडं बदलतंच, आणि कधी कधी त्या बदलातच ते सापडतं.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. रंग.

मी शनिवारी मुलांना चित्रकला शिकवते. आपल्याकडच्या खडूंच्या डबीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्याला 'स्किन कलर' म्हणतात. वर्गातल्या बारा मुलांत एखाद्याचाही हात त्या रंगाचा नसतो, तरी माणूस काढला की "टीचर, स्किन कलर द्या." काल वर्गात एक नऊ वर्षांची मुलगी या नव्या नायिकेचं चित्र काढत होती. तपकिरी खडू घेऊन, मन लावून. शेजारचा मुलगा म्हणाला, "ती अशी नाहीये. खरी गोरी आहे, बाबांच्या फोनवर आहे." त्याने वर्णन केलं ते आपलंच चित्र होतं, ते दुरुस्त केलेलं. सहा दिवसांत ते कुठून कुठे फिरत गेलं आणि एका मुलासाठी तेच खरं होऊन बसलं. मुलीने तपकिरी खडू डबीत ठेवला आणि माझ्याकडे स्किन कलर मागितला.

हे पत्र मी काल रात्री लिहायला घेतलं ते त्या क्षणामुळे.

कुणी म्हणेल, रंगाचं आमच्या मनातही नव्हतं, ते एआयने आपोआप केलं. मी हे मान्य करते. 'सुंदर कर' म्हटलं की ते यंत्र रंग उजळ करतं, कंबर आवळतं, नाक सरळ करतं, कारण त्याने तसलीच चित्रं ढिगाने बघितलेली आहेत. पण तो फोन टेबलावर फिरला तेव्हा रंग बदललाय हे आपल्यापैकी एकालाही खटकलं नाही. मलाही पहिल्या नजरेत खटकलं नाही. टाळ्या वाजल्यावर लक्षात आलं.

आणि हीच आपली मंडळी २०२३ च्या जूनमध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मधल्या पवित्र प्रभाकरसाठी, म्हणजे भारतीय स्पायडर-मॅनसाठी, थिएटरात शिट्ट्या मारत होती. २००४ मध्ये कॉमिकमध्ये धोतर नेसून आलेला हा पोरगा चित्रपटात केसांचा झुपका मोकळा सोडून, हातातल्या सोन्याच्या कड्यांनी जाळं फेकत आला. रंग आपला, केस आपले. त्या रात्री कोथरूडला परत येताना आपण काय बोलत होतो? की याला कुणीतरी आपल्याकडे बघून काढलंय. त्याच्या सावळ्या रंगाचा आपल्याला अभिमान वाटला, आणि मुलीच्या वाट्याला तोच रंग आला तर तो दुरुस्त करावासा वाटला. हे मला फार लागलं आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढच्या भेटीला येता येणार नाही.

असं आपल्याकडेच होतं असं नाही. १९८५ च्या शी-रा या कार्टून नायिकेची नवी मालिका २०१८ मध्ये येणार होती. जुलैमध्ये तिची पहिली चित्रं आली आणि बाप्ये माणसं चिडली, की ही मुलासारखी दिसते, पुरेशी आकर्षक नाही. गोष्टीतली ती मुलगी वयात येणारी पोर होती. त्या आठवड्यात कितीतरी चित्रकारांनी त्याच नव्या रूपाची आपापली चित्रं काढून उत्तर दिलं. मालिका पुढे पाच सीझन चालली, ५२ भाग झाले. आज तिच्याबद्दल बोलताना लोक तिच्या गोष्टीबद्दल बोलतात. खांद्यांची रुंदी कुणाला आठवते?

चाहत्यांनी तोंड उघडूच नये असं मी म्हणते आहे का? अजिबात नाही. २०१९ च्या एप्रिलअखेरीस व्हिडिओ गेममधल्या सॉनिकच्या चित्रपटाचा ट्रेलर आला तेव्हा मीही तुमच्यासारखीच हादरले होते. माणसासारखे दात, आणि दोन सुटे, बारीक डोळे. खेळातल्या सॉनिकचे डोळे एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्याचा चेहरा म्हणजे मुख्यतः तेवढंच आहे. लोकांनी नेमक्या याच गोष्टी दाखवून दिल्या. दिग्दर्शकाने काही दिवसांतच रूप बदलायचं जाहीर केलं, चित्रपट त्या नोव्हेंबरवरून २०२० च्या १४ फेब्रुवारीपर्यंत पुढे गेला, आणि नवं रूप सगळ्यांना आवडलं. तिथे चाहते बरोबर होते. पण ते 'आपण ओरडलो म्हणून झालं' एवढंच सांगतात, तेव्हा ते सगळं परत करायला बसलेले हात मला आठवतात. ओरडायला एक संध्याकाळ लागते.

या नायिकेतही खोट आहेच. छातीवरची खूण फार बारीक आहे, लांबच्या दृश्यात ती नुसता ठिपका होईल. एकाच खांद्यावर पट्टा दिला आहे, तो मला कळलेला नाही. असं पात्र डावीकडे तोंड करून काढलं की तेच चित्र उलटं करून उजवीकडे वापरता येत नाही, सगळं दुबार करावं लागतं. त्या पट्ट्याला गोष्टीत तेवढंच मोठं कारण असेल तर ठीक. डोळे मला थोडे मोठे हवे होते. हे सगळं मी मालिका करणाऱ्या मंडळींना कळवलं आहे, पात्राच्या रूपाबद्दल, माणसांबद्दल एक अक्षरही न लिहिता. रूप ठरतं ते कुणा एकाच्या हातून ठरत नाही. दिग्दर्शक, हक्क ज्यांच्याकडे आहेत ते, वाहिनी, खेळणी काढणारे, सगळ्यांच्या टेबलावरून कागद फिरतो. शिव्या मात्र ज्याचं नाव आपल्याला सापडतं त्यालाच बसतात, आणि सापडतो तो बहुधा सर्वांत तरुण, सर्वांत कमी पगाराचा.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. ते दुरुस्त केलेलं चित्र ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांनी ते काढून टाका, आणि ज्यांना पाठवलं त्यांना हे मूळ चित्र नाही म्हणून कळवा. विशेषतः घरात मुलं असतील तर त्यांना स्वतः सांगा.

दुसरं, पुढच्या भेटीला मी ए-थ्री आकाराचे कागद आणते आहे, पाच चौकोन आखून. ज्याला ती आवडलेली नाही त्याने आपली काढावी. समोरून, पाऊण, बाजूने, मागून, आणि पाचव्या चौकोनात पडणारी लिफ्ट धरताना. चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही, काडीची माणसं चालतील. फोन मात्र बॅगेत. काढून झालं की प्रत्येकाने आपली नायिका काळी करायची, कागद भिंतीला लावायचे आणि मग हवं तेवढं भांडायचं. काका, तुम्ही वेताळ घेतलात तरी चालेल.

त्या दिवशी लवकर निघालेला तोही येणार आहे. तो काही बोलू शकणार नाही, तुम्ही काही विचारू नका. पेन्सिली मी आणते. खोडरबर आपापला आणा, बराच लागेल.

तुमच्यातलीच,
एक चित्रकार
कर्वेनगर, पुणे